कागदाआधी जनावर पाहणारे गवई सर

डॉ. यशवंत गवई सरांची आणि माझी पहिली ओळख फोनवरची. मी संग्रामपूर तालुक्यातल्या एका गावी, जनावरांच्या दवाखान्यात पशुधन विकास अधिकारी म्हणून नुकतीच रुजू झाले होते. मूळची मी देऊळगाव राजाची. सातपुड्याच्या पायथ्याचा हा भाग मला नवा होता आणि इथली बोलीही नवी होती. दवाखान्यात औषधं होती, जनावर बांधायला खोडा होता, पण रक्त तपासायची सोय नव्हती. माझ्या आधीचे डॉक्टर जाताना टेबलाच्या काचेखाली एक चिठ्ठी ठेवून गेले होते. तिच्यावर नांदुऱ्याचा एक फोन नंबर आणि खाली एक ओळ होती : 'रक्ताचे नमुने इथे पाठवा, माणूस भला आहे.'

सर तेव्हा सरकारी नोकरीतून निवृत्त होऊन नांदुऱ्यात स्थायिक झाले होते. स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांच्या दोन खोल्या होत्या. एकीत ते जनावरं तपासत आणि दुसरीत रक्त तपासण्याचं यंत्र होतं. ते यंत्र त्यांच्या पत्नी सुमनताई चालवत. आसपासच्या तालुक्यांतले आम्ही सगळे डॉक्टर बर्फ घातलेल्या थर्मासात नमुने ठेवून एसटीने पाठवायचो आणि दुपारनंतर फोनवर आकडे घ्यायचो.

मी पहिला नमुना पाठवला तो एका शेळीचा. नळीवर मालकाचं नाव लिहिलं आणि पाठवून दिला. सरांचा फोन आला. "मॅडम, नळी पोचली. पण नळीसंग शेळीचं काहीच नाही आलं. उभी राहते का ते? रवंथ करते का? डोये कसे आहेत? एका कागदावर लिहून पाठवत जा." मला थोडा रागच आला. तपासणीला आकडे पुरेसे असतात, अशी माझी समजूत होती. तरी सरांच्या मोठेपणाचा मान ठेवून मी तसा कागद पाठवू लागले. काही दिवसांनी कामाच्या गडबडीत ते सोडूनही दिलं.

सरांच्या कार्याबद्दल त्यांच्या पंचाहत्तरीच्या या गौरवग्रंथात अनेक जण लिहितील. मजुरी करणाऱ्या आईवडिलांच्या घरातून निघून अकोल्याला शिकलेले सर, गावोगाव सायकलवरून लसीकरण केलेले सर, बौद्ध विहारात पोरांची अभ्यासिका चालवणारे सर. ते सगळं खरंच आहे. मला मात्र एका बाईबद्दल आणि तिच्या कुत्र्याबद्दल लिहायचं आहे. ते लिहू का, म्हणून मी सरांना विचारलं. ते म्हणाले, "लिही. पण मले मोठं करू नको त्यात. जसं झालं तसंच लिही."

त्या बाईंचं नाव निर्मलाबाई. वय साठीच्या पुढे. मुलगा संतोष आणि सून पुण्याकडे एका कारखान्यात कामाला होते. गावातल्या घरी निर्मलाबाई आणि सहा वर्षांची नात परी, दोघीच राहत. त्यांच्याकडे भुऱ्या नावाचा कुत्रा होता. राखी रंगाचा, दांडगा, पण परीने कान ओढले तरी हूं की चूं न करणारा. दिवाळीनंतरच्या एका सकाळी त्या दोघी त्याला दोरीने जवळजवळ ओढतच दवाखान्यात घेऊन आल्या.

"खात नाही हो मॅडम दोन दिवसांपासून," निर्मलाबाई म्हणाल्या. "ओकते. पडूनच राह्यते."

मी तपासलं. अंगावर गोचीड होते, ताप थोडा होता. आमच्या भागात असं कुत्रं आलं की पहिला संशय गोचीडतापाचाच येतो. मी रक्त घेतलं, थर्मास नांदुऱ्याच्या गाडीत ठेवला. सोबत कागद पाठवला नाही. दुपारी सुमनताईंनी त्यांच्या सावकाश, स्पष्ट आवाजात आकडे सांगितले. लिव्हरच्या तपासणीतलं एसजीपीटी वरच्या मर्यादेच्या आठपट निघालं होतं, बिलिरुबिनही वाढलेलं होतं. ताईंनी विचारलं, "बाकीच्या तपासण्या पण लावू का? सर म्हणतात, कुत्र्याचा काही निरोप नाही आला." मी म्हटलं, "नको ताई, गोचीडताप आहे, कळतंय मला." मी त्यावरची औषधं सुरू केली, सलाईन लावलं. निर्मलाबाई रोज त्याला हातगाडीवर घालून आणत होत्या.

पाचव्या दिवशी पुन्हा रक्त पाठवलं. एसजीपीटी निम्म्याहून खाली आलं होतं. मला फार आनंद झाला. नोकरीतलं ते माझं पहिलंच अवघड कुत्रं होतं. मी निर्मलाबाईंना सांगितलं, "लिव्हर सुधारतंय. आता रोज आणायची गरज नाही. घरीच ठेवा, गोळ्या द्या." त्या माझ्या तोंडाकडे पाहत राहिल्या. "पण मॅडम, उठत तं नाही तो," त्या म्हणाल्या. "वेळ लागतो," मी म्हटलं. रिपोर्टचा कागद माझ्या हातात होता. कुत्रं समोर हातगाडीवर पडलं होतं, आणि मी पुन्हा पुन्हा कागदाकडेच पाहत होते.

त्यानंतर चार दिवस मी त्या घराकडे फिरकले नाही. चौथ्या दिवशी दुसऱ्याच एका कामासाठी सरांशी बोलत असताना मी सहज सांगितलं की मागच्या आठवड्यातलं ते कुत्रं सुधारलं. कौतुकाचे दोन शब्द ऐकायला मिळतील अशी आशा होती, हे आज कबूल करते.

सरांनी विचारलं, "खाते का?"

"नाही सर, अजून नाही."

"उठते?"

"नाही."

"अल्ब्युमिन किती होतं? युरिया? साखर?"

"ते लावलं नव्हतं सर. पण एसजीपीटी निम्म्यावर आलंय."

त्यावर सर जे बोलले ते मी नंतर कितीतरी नवीन डॉक्टरांना शब्दशः सांगितलं आहे. "पोरी, एसजीपीटी हे लिव्हरच्या पेशीत भरलेलं असते. पेशी फुटली का ते रक्तात सांडते. किती सांडलं, एवढंच ते सांगते. लिव्हर काम करते का नाही, हे नाही सांगत. कुत्रं उठून बसलं, खाऊ लागलं अन् आकडा उतरला, तं सुधारलं म्हणायचं. कुत्रं पडलेलंच आहे अन् आकडा उतरला, तं सांडायले मागं काही उरलं नाही, असंही असू शकते. लिव्हरचं काम पाह्याचं असलं तं लिव्हर जे तयार करते ते पाह्य. अल्ब्युमिन पाह्य, युरिया पाह्य, साखर पाह्य, रक्त गोठते का पाह्य. मी येतो. घर दाखव मले."

त्यांचं वय तेव्हा पासष्टच्या घरात होतं. नांदुऱ्याहून दोन गाड्या बदलून ते दुपारी आले. मी त्यांना पहिल्यांदा पाहत होते. उंच, सडपातळ, पांढरा शर्ट, खांद्याला कापडी पिशवी. नमस्कार केला तर म्हणाले, "चाल, मंग बोलू."

भुऱ्या अंगणात लिंबाखाली पोत्यावर पडला होता. सर त्याच्याजवळ जमिनीवर बसले. आधी नुसतंच पाहत राहिले. मग ओठ उचलून हिरड्या पाहिल्या, पोटावरून हात फिरवला. मी इंजेक्शन दिलेल्या प्रत्येक जागी कातडीखाली काळेनिळे डाग पडले होते. पोत्यावर रक्ताळलेली विष्ठा होती. रक्त गोठायचं थांबलं होतं. मी त्या चार दिवसांत एकदा जरी आले असते तर मलाही ते दिसलं असतं. ते दिसायला कुठलाही रिपोर्ट लागत नव्हता.

"काय खाते हा?" सरांनी विचारलं.

"आमी खातो तेच," निर्मलाबाई म्हणाल्या. "मक्याची भाकर."

"मका? ज्वारी नाही?"

"ज्वारी अवंदा पाण्यात कायी पडली हो. मका होता घरचा, तोच दयून आणतो."

"तो मका दाखवता का, बाई?"

मागच्या पडवीत पोती होती. वरचा पत्रा एका जागी फाटला होता. सरांनी पोत्यात कोपरापर्यंत हात घालून मूठभर दाणे बाहेर काढले आणि उन्हात धरले. दाण्यांवर हिरवट राखाडी बुरशी होती. कुबट वास मला दोन हातांवरून आला. निर्मलाबाई ओशाळल्या. "तसाच नाही खात जी आमी. निवडतो, धुतो, वायवतो. चांगले चांगले दाणे पोरीसाठी काढतो. बाकीचा मी अन् भुऱ्या."

सरांचा चेहरा त्या वेळी कसा झाला ते मला नीट सांगता येणार नाही. अशा बुरशीचं विष धुऊन जात नाही, भाजूनही पुरतं जात नाही, आणि ते थेट लिव्हरवर जातं, हे मी कॉलेजात परीक्षेपुरतं शिकले होते. सरांनी हात झटकले आणि एकदम विचारलं, "पोरगी कुठं आहे?"

परी घरात झोपली होती. दोन दिवसांपासून तीही खात नव्हती, ओकत होती. आजीने नजर उतरवली होती. सरांनी तिला उचलून दारात उजेडात आणलं, "बेटा, वर पाह्य बरं," म्हणाले आणि बोटाने खालची पापणी ओढली. डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा झाला होता. मग त्यांनी निर्मलाबाईंचे डोळे पाहिले. त्यांच्या पावलावर अंगठा दाबला, तर खळगा तसाच राहिला.

"बाई, पाय कधीपासून सुजले?"

"झाले पंधरा दिवस," त्या म्हणाल्या. "म्हातारपणाचं आहे ते."

त्या घरात आजारी तिघं होती आणि मी त्यातल्या फक्त एकाचं रक्त पाहिलं होतं, तेही अर्धवट.

सरांनी पिशवीतून कागद काढून गुडघ्यावर ठेवून चिठ्ठी लिहिली. कुत्र्याला काय झालं, तिघं एकाच पोत्यातलं कसं खातात, कोणाला काय दिसतंय. चिठ्ठीसोबत कुत्र्याचे दोन्ही रिपोर्ट आणि मूठभर मका बांधून दिला. "तू यायले घेऊन दवाखान्यात जाय," मला म्हणाले. "मी भुऱ्यापाशी थांबतो." निर्मलाबाई निघायला तयार नव्हत्या. कुत्र्याला असं टाकून कसं जाऊ, म्हणत होत्या. सर त्यांना हात जोडून म्हणाले, "बाई, मी हाव ना इथं. त्याले एकटं नाही पडू देत."

ग्रामीण रुग्णालयातल्या तरुण डॉक्टरांनी ती चिठ्ठी दोनदा वाचली आणि लगेच दोघींना अकोल्याला पाठवलं. मी सोबत गेले. भुऱ्या त्याच दिवशी ऊन कलल्यावर गेला. शेजाऱ्यांनी नंतर मला सांगितलं, की सर शेवटपर्यंत त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते आणि त्याच्या तोंडात चमच्याने साखरपाणी घालत होते. तो गेल्यावर शेजाऱ्यांना घेऊन त्यांनी बांधाकडेला खड्डा खणला. ती मक्याची पोती त्यांनी स्वतः गावाबाहेर नेऊन जाळली आणि घरोघर जाऊन कोणाकडे असा मका आहे का, ते पाहिलं. आणखी दोन घरांत सापडला. तिथलं कोणी आजारी पडलं नव्हतं.

परी महिनाभरात बरी झाली. आजीने निवडून निवडून चांगले दाणे तिला दिले होते, त्यामुळे ती वाचली, असं अकोल्याचे डॉक्टर म्हणाले. निर्मलाबाई तिसऱ्या आठवड्यात गेल्या. चार दिवस आधी आणलं असतं तर वाचल्या असत्या का, हे मी त्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "सांगता येत नाही. सूज आधीपासूनच होती." मला ते उत्तर आजही पुरत नाही.

निर्मलाबाईंची बातमी आली त्या दिवशी मी राजीनाम्याचं पत्र लिहिलं. ते पत्र घेऊन बुलडाण्याला जाताना वाटेत नांदुऱ्याला उतरले, सरांना भेटून पुढे जावं म्हणून. पत्र वाचून सरांनी ते घडी करून माझ्याच हातात दिलं. "हे उद्या दे. आज माह्याजोळ बस," म्हणाले. आणि त्यांनी मला त्यांची एक गोष्ट सांगितली. ते समजूत घालायला सांगत नव्हते. त्यांचा आवाज समजूत घालणाऱ्याचा नव्हता.

नोकरीच्या सुरुवातीला ते माझ्याच देऊळगाव राजाला होते. एका शिक्षकांची कुत्री त्यांच्याकडे आली. खूप पाणी प्यायची, पोट सुटलं होतं. बाहेरून तपासून आणलेल्या रक्तात अल्कलाईन फॉस्फटेज कितीतरी पटीने वाढलेलं होतं. सरांनी सांगितलं, लिव्हर संपलं आहे, जनावराला त्रास कशाला. शिक्षक रडले आणि तयार झाले. सरांनी स्वतः तिला शेवटचं इंजेक्शन दिलं. महिन्याभराने कळलं, की खाज थांबावी म्हणून कोणीतरी त्या कुत्रीला दोन महिने स्टेरॉइडची इंजेक्शनं देत होतं. "कुत्र्यात स्टेरॉइडनं तो आकडा वाढते, पोरी. लिव्हर खराब नसलं तरी वाढते. पाणी पिणं, पोट सुटणं, सारं त्याचंच. इंजेक्शनं हळूहळू कमी करून बंद केली असती तं ते जगली असती. आधी काय काय दिलं, एवढं विचारायचं राहून गेलं माह्याकडून."

"मग काय केलंत, सर?"

"त्या मास्तरच्या घरी गेलो अन् सांगितलं. त्यानं आयकून घेतलं, उठला अन् दार लावलं. मंग कधी बोलला नाही माह्यासंग. पण सांगाले पाह्यजे होतं. त्याले वाटत होतं, त्यानं कुत्रीले दुःखातून सोडवलं."

मला काय करायचं आहे ते कळलं होतं.

तेराव्यानंतर सर माझ्यासोबत संतोषच्या घरी आले. ते ओसरीवर बसले. मी संतोषला सगळं सांगितलं. मी कुत्रं नीट पाहिलं नाही, ताईंनी विचारूनही बाकीच्या तपासण्या लावल्या नाहीत, सुधारतंय म्हणून घरी पाठवलं, आणि चार दिवस तुमच्या घरी आले नाही. तो खाली मान घालून ऐकत होता. परी त्याच्या मांडीवर बसली होती.

"काऊन सांगून राह्यल्या मॅडम मले हे?" शेवटी तो म्हणाला. "माय तं तुमचं नाव चांगलं घे दवाखान्यात. आता मी कोनावर राग धरू? मी तं इथं नव्हतोच."

त्याने पाण्याचा तांब्या पुढे केला. मी तो घेतला. परतताना सगळी वाट सर माझ्याबरोबर चालत होते. बस आली तेव्हा म्हणाले, "ते पत्र द्याचं का नाही, तू ठरव. पण दिलं तं हे शिकलेलं कोनाच्या कामी येईन?"

पत्र मी दिलं नाही. आठ दिवसांची रजा घेऊन नांदुऱ्याला सर आणि ताईंकडे राहिले. ताईंनी त्या विषयाचा एक शब्द काढला नाही. सकाळी ज्वारीची गरम भाकर पुढ्यात ठेवायच्या आणि नंतर मला नळ्यांवर नावं लिहायला बसवायच्या. सर जुने रिपोर्ट काढत. कागदावर हात ठेवून आधी मला सांगत, जनावर असं असं दिसत होतं, आता सांग तुला रक्तात काय सापडेल? मग हात काढत. पिल्लांचा एक आकडा हाडं वाढतात म्हणून चढलेला असतो. फिट्सच्या गोळ्या चालू असलेल्या कुत्र्याचा वेगळ्याच कारणाने चढतो. पोटात पाणी भरलेल्या एका म्हाताऱ्या कुत्र्याचं एसजीपीटी अगदी बरोबर होतं आणि अल्ब्युमिन तळाला गेलेलं होतं. त्या कागदापाशी सर थांबले. "हा कागद वरतून पाह्यला तं कुत्रं ठणठणीत वाटते," म्हणाले.

पाऊस उघडला की आम्ही अनेक डॉक्टर आता आपापल्या गावांत धान्याची पोती पाहत फिरतो. एखादं कुत्रं पिवळं पडून आलं की आधी त्या घरातली माणसं पाहतो. ही रीत सरांनी घालून दिली. कुठल्याही कागदावर तिला त्यांचं नाव नाही.

तीन वर्षांपूर्वी सुमनताई गेल्या. त्यानंतर सरांनी यंत्र एका तरुण डॉक्टरांना देऊन टाकलं. त्याच सुमारास काचबिंदूने त्यांची नजर मंदावत गेली. आता त्यांना माणसाचा आकार दिसतो, पण अक्षरं दिसत नाहीत. पहिल्या वर्षी ते फार गप्प असत. फोन केला तर "बरा हाव" म्हणून ठेवून देत. एकदा मी न विचारताच एका कुत्र्याचा रिपोर्ट वाचायला सुरुवात केली. त्यांनी मध्येच अडवलं. "थांब. आधी कुत्रं सांग." त्या दिवशी आम्ही अर्धा तास बोललो. तेव्हापासून दर रविवारी मी, कधी दुसरं कोणी, त्यांना आठवड्यातले अवघड रिपोर्ट वाचून दाखवतो. कधीकधी ऐकता ऐकता सवयीने ते म्हणतात, "सुमन, मागचा कागद काढ बरं." मग त्यांच्या लक्षात येतं. आपण थांबायचं आणि ते पुन्हा बोलेपर्यंत वाट पाहायची, हे आता आम्हा सगळ्यांना माहीत झालं आहे.

गेल्या रविवारी मी एका कुत्रीचा तिसरा रिपोर्ट वाचला. कुत्री उठून बसते, खाते, शेपटी हलवते, हे आधी सांगितलं. मग आकडे सांगितले. एसजीपीटी उतरलेलं, बिलिरुबिन बरोबर, अल्ब्युमिन चढून जागेवर आलेलं, साखर, युरिया, सगळं ठीक. पलीकडे शांतता होती. मला वाटलं फोन तुटला.

"सर?"

"हाव, आयकून राह्यलो," ते म्हणाले. "पुन्हा एकदा वाच."

मी पुन्हा वाचलं, पहिल्यापेक्षा सावकाश.

सर, पंचाहत्तरी पूर्ण करताना आपल्याला शाल देण्याचा मान दुसऱ्यांना मिळणार आहे, तो त्यांना मिळू दे. आम्हा विद्यार्थ्यांचं मागणं साधं आहे. आपली तब्येत चांगली राहो, जेवण गोड लागो, झोप शांत लागो. आणि आणखी पुष्कळ वर्षं, रविवारी सकाळी फोन लावला की पलीकडून आपण "आधी कुत्रं सांग" म्हणत राहावं, आणि आम्हाला आपल्याला वाचून दाखवायला असेच चांगले कागद पुष्कळ मिळोत.